पांढऱ्या दगडांचं रिंगण

ब्रिगेडियरांच्या पाहणीच्या आदल्या दिवशी मेजर थॉर्नबीनं शत्रूची विमानं हेरणाऱ्या सर्चलाइटभोवतीच्या दगडांना चुना फासायचा हुकूम सोडला. तुकडीत सगळ्या बायका. त्यांची प्रमुख विनी म्हणाली, “साहेब, हे वरून दिसेल! जर्मन विमानांना आयतं निशाण!” “तू दिवा पूस, पोरी. लढाई आम्ही बघतो,” मेजर म्हणाला. दिवा झाकायची जाळीही गबाळी दिसते म्हणून त्यानं काढायला लावली. चार वर्षं युद्ध चाललंय आणि या शहाण्याला अंगण सजवायचंय, असं मनात म्हणत विनीनं चुना फासला. सकाळी ब्रिगेडियर छोट्या विमानानं शेजारच्या कुरणात उतरले. “जागा सहज सापडली ना, साहेब?” मेजरनं विचारलं. “पाच मैलांवरून पांढरं रिंगण दिसलं!” मेजरची छाती फुगली. “कल्पना माझीच, साहेब!” “मग त्यावर स्वतः चिखल फासा.” विनीनं चिखलाची बादली त्याच्या चकचकीत बुटांशी ठेवली. “आम्ही दिवा पुसतो, साहेब. लढाई तुम्ही बघा.”