हिरासेचा चेंडू

दसऱ्याच्या सकाळी चारुदत्तने लॅपटॉपशेजारी हिरासेचं कार्डही पूजेला मांडलं. बेसबॉलची जुनी कार्डं जमवण्याचं वेड त्याला जपानात इचिकावाला आल्यावर लागलं, आणि त्या साऱ्यांत हिरासे हा पिचर, म्हणजे चेंडू फेकणारा, त्याचा सर्वांत लाडका. हिरासेला जाऊन वर्षं लोटली होती. कार्डावर मात्र तो तरणाबांड होता. चेंडू छातीशी धरलेला, नजर खाली, समोर बसून चेंडू झेलणाऱ्या कॅचरच्या खुणेची वाट बघणारी. कॅचर काही चित्रात नव्हता.

“गेलेल्या माणसाला अक्षता नको रे वाहूस,” सुलेखा म्हणाली. “अक्षता म्हणजे आवतण.”

बायकोचं बोलणं हसण्यावारी नेत त्याने अक्षता वाहिल्या.

जेवताना सहज लक्ष गेलं, तर हिरासेची नजर वर आली होती. निरांजनाचा उजेड असेल म्हणून त्याने निरांजन बाजूला सरकवलं. नजर वरच राहिली.

हात धुऊन येतो तो हिरासेचे दोन्ही हात डोक्यावर गेलेले आणि एक पाय उचललेला.

चारुदत्त कार्ड उपडं घालायला गेला, तर ते तापकऱ्याच्या कपाळासारखं गरम लागलं. त्याने झटकन हात मागे घेतला.

पाठीमागे कुणीतरी खुदकन हसलं. त्याची लेक नेत्रा पूजेसमोर उकिडवी बसली होती, दोन्ही तळवे पुढे धरून.

“नेत्रा, ऊठ तिथून!”

“थांब ना बाबा. मी बोटांनी खूण केली, आणि हिरासे-सानने मान हलवली.”

चारुदत्तने वळून कार्डाकडे पाहिलं. हिरासेचा हात पुढे आलेला होता आणि त्या हातात चेंडू नव्हता.