आदर्श पॅसेंजर

"अहो, तुम्ही खाली जाऊन या," बायको पलंगावरून म्हणाली. "मी पिते सावकाश."

घड्याळरावांनी ओआरएसचा ग्लास तिच्या हातात दिला. हात गार पडला होता. कालपासून जुलाबांनी तिला पार पिळून काढलं होतं. भिंत धरून ती कशीबशी बाथरूम गाठत होती. सव्वासात झाले होते. साडेआठला सहलीची बस सुटणार होती आणि पुढचं गाव सहा तासांवर होतं.

घड्याळराव हे त्यांचं डेपोतलं नाव. बत्तीस वर्षं लांब पल्ल्याची बस चालवली, पण एकही फेरी त्यांनी स्वतःच्या चुकीनं उशिरा पोचवली नाही. कुणी पोट धरून पुढे आलं, की आरशातूनच सुनवायचे, "घरून आटोपून निघायचं असतं. एकाच्या पोटापायी पन्नासांचा खोळंबा करायचा का?" माणूस रिटायर होतो, त्याची खोड होत नाही. परवा सहलीतल्या एका बाईंनी गाडी थांबवायला सांगितली, तेव्हाही त्यांनी सीटवरून हेच ऐकवलं. सगळी बस हसली. त्या बाई तेवढ्या खिडकीबाहेर बघत बसल्या. "आता आमची ही बघा," घड्याळराव बायकोकडे बोट दाखवून म्हणाले, "चाळीस वर्षांत एकदाही गाडी थांबवायला लावली नाही. आदर्श पॅसेंजर!" बायकोही पदर तोंडाला लावून हसली होती.

परदेशात पोट सांभाळायचं म्हणून त्यांनी निघण्याआधीच नियम केले होते. नळाचं पाणी नाही, कापलेली फळं नाहीत, बर्फ तर नाहीच नाही. आणि परवा बोटीच्या फेरीत उन्हानं जीव कासावीस झाला म्हणून तिनं बर्फ घातलेलं सरबत घेतलं. एकच ग्लास. तेवढ्यानं घात केला.

ते खाली गेले. बसभोवती एक चक्कर मारली, सवयीनं टायरला लाथ मारून पाहिली, पण जीव थाऱ्यावर नव्हता. पाच मिनिटांत धापा टाकत वर आले. ग्लास रिकामा होता. उशाशी ठेवलेली लिटरची बाटलीही. कालपासूनची ही तिसरी.

"शाब्बास," ते म्हणाले. पण तिचे डोळे रात्रीपेक्षा खोल गेले होते आणि ओठांवर पापुद्रे धरले होते. एवढं पाणी पिऊन बाईची जीभ कोरडी कशी? किटलीतलं गार केलेलं पाणी घेऊन ते चौथी बाटली कालवायला बेसिनपाशी गेले. तिथं मुंग्यांची रांग लागली होती. "एवढं मोठं हॉटेल, आणि मुंग्या!" म्हणत त्यांनी टॉवेलनं त्या झटकल्या.

आठ वाजता सहलीचा गाईड डॉक्टरांना घेऊन आला. डॉक्टरांनी तिच्या हातावरची कातडी चिमटीत धरून सोडली. कातडी तशीच उभी राहिली. ते काहीतरी बोलले आणि गाईडचा चेहरा उतरला.

"अंगात पाणीच उरलं नाही म्हणतायत. तुम्ही यांना काही पाजलं नाहीत का?"

"तीन लिटर पाजलंय!" घड्याळराव ओरडले. रिकामी बाटली त्यांनी डॉक्टरांच्या तोंडासमोर नाचवली. "या हातांनी कालवलंय! विचारा तिला!"

डॉक्टरांनी मान हलवली. "तेवढं पोटात गेलं असतं, तर ही वेळ आली नसती," गाईड हळूच म्हणाला. "ॲम्ब्युलन्स बोलावतोय. अर्धा तास लागेल. तोवर चमच्याचमच्यानं पाजत राहा, काका. नाहीतर किडनीवर बेतेल." दोघंही फोन करायला खाली धावले.

इथं पाण्याला काय म्हणतात, तेही घड्याळरावांना ठाऊक नव्हतं. मुलीला फोन करून काय सांगायचं? तुझ्या आईला फिरायला आणलं, आणि... पुढचं त्यांच्या मनातही येईना. 'देवा, हवं तर मला ने,' ते पुटपुटले आणि चमचा धुवायला बेसिनपाशी गेले.

मुंग्या परत आल्या होत्या. रांग थेट बेसिनच्या जाळीत उतरत होती. त्यांनी काठावरून बोट फिरवलं आणि जिभेला लावलं. गोड. मग खारट.

ते तसेच येऊन पलंगाच्या कडेवर बसले.

"ओतून दिलंस? तिन्ही बाटल्या?"

तिनं डोळे उघडले नाहीत. "मग काय करू? आज सहा तासांची बस. पोटात गेलंच नाही, तर बाहेर काय येणार?" तिला धाप लागली. "लग्न झाल्यापासून असंच तर करतेय. प्रवास असला, की आदल्या दिवसापासून पाणी बंद. माझ्यापायी गाडी थांबली असती, तर तुमची मान खाली गेली असती हो."

खाली हॉर्न वाजला. साडेआठ झाले होते, आणि वरच्या खोलीत काय चाललंय ते ड्रायव्हरला कुठून माहीत असणार! पुन्हा वाजला, या वेळी लांब. तो ऐकताच तिनं कोपर टेकून उठायची धडपड केली.

घड्याळरावांनी तिला धरून परत निजवलं. चमचा भरला. तिच्या ओठांशी नेला.

"वाजू दे," ते रडत म्हणाले. "बत्तीस वर्षं मीच वाजवला तो. तू पाणी पी."