तरंगिणीचा आवाज

चांदवडच्या शाळेत शिकवणाऱ्या अंजलीला नाशिकच्या एका स्टुडिओत डबिंगचं पहिलंच काम मिळालं, तेही मोबाइल गेमचं. त्यात जुन्या युद्धनौका जपानी कार्टूनमधल्या, म्हणजे ॲनिमेतल्या, मुलींच्या रूपात लढतात. अंजली होणार होती ‘तरंगिणी’. निळे केस, खांद्यांवर तोफा. खरी तरंगिणी ऐंशी वर्षांपूर्वी खलाशांसकट समुद्रात बुडाली होती.

पहिलंच वाक्य तिने असं दणक्यात म्हटलं, की काचेपलीकडे रेकॉर्डिंग करणारा हर्षल ओरडला, “लय भारी, मॅडम! पण मागे कुणी ठोकतंय का?”

दोघांनी रेकॉर्डिंग ऐकलं. तिच्या आवाजामागे ठक, ठक, ठक. लोखंडी पत्र्यावर मुठीने ठोकल्यासारखं.

हर्षलने एसी बंद केला, वायर बदलली, माइकही बदलला. दुसऱ्या पात्राची वाक्यं अंजलीने म्हटली, तर आवाज स्वच्छ आला. तरंगिणीची म्हटली की ठकठक परत, आणि दर वेळी ठोकणारे हात वाढलेले.

“शेवटचं वाक्य घेऊन टाकू,” हर्षल म्हणाला.

अंजलीने छाती भरून श्वास घेतला. “मी तरंगिणी! माझे सगळे खलाशी सुखरूप आहेत!”

ठकठक एकदम थांबली. मग एकच ठोका पडला, आणि तो हेडफोनमध्ये नव्हता. अंजलीने छातीवर हात ठेवला. आतून कुणीतरी तिच्या बरगड्या चाचपडत होतं.

तिच्या अंगावर आनंदाने काटा आला.

“हर्षल, रेकॉर्डिंग चालू ठेवा,” ती म्हणाली. “अजून जिवंत आहेत ते.”