नव्या टीव्हीचा आवाज

"वहिनी, आवाज सुधारला की टीव्हीचा," मेदेर म्हणाला.

व्हिडिओ कॉलवर वहिनीच्या पाठीमागून कुणी बाई गात होती. लांबून, पण स्वच्छ. मॉस्कोतल्या खोलीत पलंगावर बसून मेदेर समाधानानं ऐकत राहिला. मागच्याच महिन्यात त्यानं दूर डोंगरातल्या, नारिन शहराकडच्या आपल्या गावी नवा पातळ टीव्ही पाठवला होता, आणि तेव्हापासून बाबांच्या तक्रारी संपत नव्हत्या.

एवढा चपटा डबा, त्यात आवाज मावणार कुठं, असं बाबा विचारत. माणसं तोंडात लोकरीचा बोळा धरून बोलतात म्हणत. आणि दिसतात कशी, सगळी निळी. कुडकुडतायत बिचारी, आत चहा तरी पाठव त्यांना.

मेदेर इकडून समजावत राही. आवाज मागच्या बाजूनं निघतो, टीव्ही भिंतीपासून जरा पुढं ओढा. निळेपणा रिमोटवरून कमी होतो. बाबा सगळं ऐकून घेत आणि दुसऱ्या दिवशी नवं काहीतरी काढत. आपल्याला कमी ऐकू येतं, एवढंच तेवढं कबूल करत नसत. मेदेरला फार काही नको होतं. बाबांनी एकदा म्हणावं, बरा आहे पोरा तुझा टीव्ही.

"बाबांना द्या ना."

झोपलेत, वहिनी म्हणाली. आई शेजारी गेलीय. दिराचं नाव घ्यायचं नाही म्हणून ती त्याला नेहमी 'धाकटे खान' म्हणे, आणि त्यावरून चिडवल्याशिवाय फोन ठेवत नसे. आज तिनं त्याला कसलीच हाक मारली नव्हती.

"म्हणजे टीव्ही लावून झोपलेत. आवडला म्हणायचा एकदाचा." मेदेर हसला. "आता चित्र दाखवा. निळं दिसतंय का बघू."

मग दाखवते, ती म्हणाली. आत्ताच दाखवा, त्यानं हट्ट धरला. तिनं दाराकडे पाहिलं, हातातल्या फोनकडे पाहिलं, आणि फोन वळवला.

टीव्ही भिंतीपासून पुढं ओढलेला होता. त्याच्यावर कडेला लाल वेलबुट्टी भरलेली पांढरी चादर होती. वायर खाली जमिनीवर पडली होती.

गाणं चालूच होतं.

चादर मेदेरच्या ओळखीची होती. आजी गेली तेव्हा आधी आरशावर आणि मग जुन्या टीव्हीवर आईनं हीच चादर टाकली होती. त्यानं फोन कानाशी नेला. घरातलं कुणी गेलं की बायका विलापाची गाणी म्हणायला बसतात त्या अंगणातल्या तंबूतून शब्द येत होते, *डोंगर माझा ढळला गं, सावलीला मी बसू कुठं*. आवाज आईचा होता.

"वहिनी."

"अशी गोष्ट फोनवर सांगत नाहीत," वहिनी म्हणाली. "माणूस पाठवलाय. तो पोचेपर्यंत तुला कळू द्यायचं नव्हतं, मेदेर."

तेवढ्यात खोलीचं दार वाजलं. बाहेर मॉस्कोतच राहणारे गावाकडचे कासिमकाका उभे होते, मागे आणखी दोघं. कुणी आत येण्याची घाई केली नाही. काकांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला.

फोनमध्ये वहिनी दार लावून घेत असावी, गाणं एकदम दबलं.

"वहिनी," मेदेर म्हणाला, "आवाज कमी करू नका."