शाळा सोडण्याचे कारण

"कारण काय लिहू?" क्लार्कबाईंनी विचारलं.

लिहा काहीही, असं खिडकीपलीकडे उभा असलेला इंजिनियर म्हणाला. शाळा सोडल्याच्या दाखल्यावर काहीही लिहिता येत नाही, हे त्याला कळायला हवं होतं. त्याचा स्वतःचा जन्म रकाने भरण्यात गेला होता. त्याच्या मुलीचं नाव, इयत्ता तिसरी, प्रगती चांगली, वर्तणूक चांगली, इथपर्यंत बाई एका दमात लिहून मोकळ्या झाल्या होत्या. अडलं ते कारणापाशी. बदली म्हणावं तर झालेली नाही. घर बदललं म्हणावं तर माणूस समोरच्याच गल्लीत राहतो. वर्ष संपायला अजून पाच महिने होते.

आणि याच इंजिनियरचा अहवाल सकाळपासून बाईंच्या टेबलावर होता. जुन्या इमारतीतल्या वरच्या हॉलमध्ये वर्ग भरवता येईल का, एवढंच शाळा समितीने त्याला विचारलं होतं. त्याचं उत्तर दीड ओळीचं. छत सुस्थितीत आहे, वापरास हरकत नाही. त्या दीड ओळीवर समितीने काल संध्याकाळी ठराव केला: नवीन बांधकाम पुढच्या वर्षी बघू, तिसरीचा वर्ग सोमवारपासून वरच्या हॉलमध्ये. सगळ्यांनी हात वर केले, चहा घेतला आणि आपापल्या घरी गेले. ठराव टाईप करून फाईलला लावायचं काम बाईंचं होतं.

त्यांनी एकदा अहवालाकडे पाहिलं, एकदा दाखल्यासाठीच्या अर्जाकडे. सही दोन्हींवर एकाच माणसाची. शहाण्याला शब्दाचा मार म्हणतात. इथे शब्दही लागला नाही.  बाईंचा मुलगाही तिसरीत होता.

"छत कसं आहे, खरं सांगा," त्या हळू आवाजात म्हणाल्या.

इंजिनियरने मागे वळून पाहिलं. कोणी नव्हतं. तरी तो सगळं बोलला नाहीच. तुळईतल्या सळ्या गंजल्यात, हातोडी मारली की सिमेंट ओंजळीत येतं, उद्याच पडेल असं नाही, पण पडणारच नाही असं कोणी सांगू नये, इतकंच तो म्हणाला. आधी त्याने तसंच लिहून दिलं होतं. अध्यक्षांनी कागद परत केला आणि नीट लिहून आणा म्हणाले. समितीची सगळी कामं त्याच्याकडेच होती, पुढेही मिळायला हवी होती.

"तुमचाही तिसरीतच आहे ना?" तो म्हणाला. "काढून घ्या."

"आणि बाकीचे?"

"माझ्या हातात काय आहे, बाई?"

अर्जावर सही करायला घेतलेलं बाईंचं पेन अजून त्याच्या हातात होतं.

बाईंनी ते परत घेतलं आणि कारणाच्या रकान्यात लिहिलं, घरगुती अडचण. हेडमास्तरांची सही झाली की उद्या दाखला मिळेल, असं सांगितल्यावर तो निघाला. फाटकाकडे जायला जुन्या इमारतीच्या कडेने जवळ पडतं. तो मैदानाला वळसा घालून गेला.

बाई उठल्या. हेडमास्तरांकडे जायचं म्हणून खरंच उठल्या, दारापर्यंत गेल्याही. तिथे त्यांना सुचलं की हेडमास्तर आधी विचारतील, तुम्हाला कोणी सांगितलं? इंजिनियर कानावर हात ठेवेल. अहवालावर शिक्का आहे. बाईंची नोकरी अजून कायम झालेली नव्हती, आणि ती कायम करणारी समिती हीच. बाई परत येऊन खुर्चीत बसल्या. त्यांना लाज वाटली, चांगलीच वाटली. पण लाज वाटून पोराचा जीव वाचत नाही, असं त्यांनी स्वतःला समजावलं. स्वतःला समजावायला अक्कल फार लागत नाही. त्यांनी दाखल्याचा दुसरा कोरा कागद ओढला. या वेळी कारण कोणाला विचारावं लागलं नाही.

कागद सहीला न्यायला शिपाईमावशी आल्या. वीस वर्षं या शाळेत झाडलोट करता करता त्या अक्षर लावून वाचायला शिकल्या होत्या. दुसरं नाव वाचून त्या थांबल्या. आपला बाळ कुठे चाललाय, असं त्यांनी विचारलं. मामाकडे शिकायला पाठवतेय, असं बाई म्हणाल्या. मामाचं घर म्हणजे लाडच लाड, असं म्हणून मावशी हसल्या, पण कागद घेऊन गेल्या मात्र नाहीत. टेबलाशीच घुटमळत राहिल्या. त्यांच्या नातीचा अर्ज जूनपासून तीनदा परत गेला होता. तिसरीचा पट भरलाय, चाळीस म्हणजे चाळीस, असं तिन्ही वेळा याच बाईंनी त्यांना सांगितलं होतं. पोर रोज मोठा रस्ता ओलांडून एकटी दुसऱ्या शाळेत जात होती.

"बाई, दोन जागा झाल्या म्हणजे," मावशी म्हणाल्या. "आता माझ्या नातीचं होईल ना?"

 समोरच्या भिंतीवर शाळेचं वेळापत्रक होतं, ते बाईंनी वरपासून खालपर्यंत वाचलं.

मावशींना वाटलं, बाई नियम बघतायत. म्हणून त्यांनी आपली बाजू आणखी पुढे रेटली. नात हुशार आहे, मस्ती करत नाही, कुठेही बसवा. वरचा हॉल सोमवारसाठी त्यांनी स्वतःच झाडून ठेवला होता.

"वरून जरा माती पडते तिथे," त्या म्हणाल्या. "पण मी रोज झाडून घेत जाईन, बाई. पोरांच्या अंगावर पडू देणार नाही."

बाईंनी खण उघडून प्रवेशाचा अर्ज काढला, मावशींपुढे ठेवला आणि सही कुठे करायची ते बोटाने दाखवलं.