बत्तीस पावलं

"बत्तीस जायला, बत्तीस यायला," घड्याळसाहेबाने स्टॉपवॉच थांबवलं. "दिवसातून आठ वेळा. ताई, एवढी तहान?"

तपासणीच्या टेबलाशी बसलेल्या तिने हातातली पिन खाली ठेवली. "उकडतं ना साहेब," ती कशीबशी म्हणाली.

कारखान्यात काय काय वाया जातं ते शोधायला त्याला आणलं होतं. घड्याळसाहेब हे नाव कामगारांनी पहिल्याच दिवशी ठेवलं. आठवड्याभरात त्याने रिकामे खोके हलवले, गंजकी कपाटं हलवली, आणि आता तो माणसांच्या पावलांमागे हात धुऊन लागला होता. तसा माणूस वाईट नव्हता. वाईट असता तर भांडता तरी आलं असतं.

पाण्याचा जार कोपऱ्यात असायचा, तिच्या सासऱ्यांच्या लेथ मशीनशेजारी, एका स्टुलावर. दर तासाला ती तिथे जायची, पेला भरायची आणि पिता पिता सासऱ्यांनी नुकतीच काढलेली पिन मापाच्या गेजमध्ये धरून काटा बघायची. "बरोबर आहे," म्हणायची, नाहीतर "दोन घरं खाली." मगच ते पुढचा माल लावायचे. हात अजून तयार होते, गेजवरच्या बारीक रेघा तेवढ्या दिसत नाहीत, असं ते घरी सांगायचे. निवृत्तीला चार महिने राहिले होते. "आंधळा झाला म्हणून घालवला, असं नको व्हायला, सूनबाई," एवढंच ते बोलले होते. तिने मान डोलावली होती, आणि तेव्हापासून तिची झोप उडाली होती.

दुसऱ्या दिवशी ती आली तर जार तिच्या टेबलाला खेटून, नव्या कोऱ्या स्टँडवर. सासरे केव्हाच मशीनवर गेले होते.

"घ्या ताई!" घड्याळसाहेबाचा चेहरा नुसता फुलला होता. "आता पोटभर प्या. पावलं शून्य."

"बरं केलंत," ती म्हणाली. तिने कोपऱ्यातल्या लेथकडे पाहिलं. आता तिकडे जायचं कुठल्या निमित्ताने? पेला विसरला म्हणावं? डबा द्यायचा राहिला म्हणावं? आणि हा बाबा तर वही उघडून तिच्याच डोक्यावर उभा.

तासाभराने कोपऱ्यातला लेथ थांबला. पिन निघाली असणार. ती नजर खाली घालून बसली. एक मिनिट गेलं, दोन गेली, पाच गेली.

घड्याळसाहेबाने कान टवकारले. उभं मशीन म्हणजे त्याच्या वहीतलं सगळ्यात मोठं पाप. त्याने स्टॉपवॉच दाबलं आणि तो तिकडे निघाला. तीही मागोमाग धावली. पावलं मोजायचं भान आता कोणाला होतं!

"काका, काम का थांबवलंत?"

सासरे आवाजाच्या रोखाने वळले. "सूनबाई येईल पाणी प्यायला एवढ्यात. मग लावतो," ते हसून म्हणाले. आणि घरी आलेल्या पाहुण्याला विचारावं तसं विचारलं, "तुम्हीपण घ्या ना साहेब. सकाळचं गार पाणी आहे."

"बाबा..." ती म्हणाली. बारीक रेघांचंच काय ते, असं ती इतके दिवस धरून चालली होती.

"हा काय, जार काठोकाठ भरलाय," सासरे म्हणाले. त्यांनी मशीनवरचा पेला उचलला, रिकाम्या स्टुलाकडे तोंड केलं आणि दुसऱ्या हाताने हवेत तोटी चाचपू लागले.