नवमीचं पान

२०२४ सालचा भाद्रपद. वाशीमच्या आपल्या दोन खोल्यांच्या घरात वैजयंती कॉम्प्युटरसमोर बसली होती. पडद्यावर एका मेलेल्या मुलीचा फोटो होता. बुरशी पुसता पुसता त्या मुलीच्या मानेवर तीळ उमटला. वैजयंतीचा हात नकळत स्वतःच्या मानेकडे गेला. तीळ तिथंच होता.

जुने, खराब झालेले फोटो नवे करून देणं हा तिचा घरबसल्या धंदा. इन्स्टाग्रामवर चार वर्षं ती कामाचे व्हिडिओ टाकत होती. त्यात फक्त हात दिसायचे. महिन्याला चार-पाच कामं यायची. नवरा संघदीप जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तर. तो नेहमी म्हणायचा, "लोकं काम हाताले नाही देत वैजू, माणसाले देतात. चेहरा दाखव. नाव सांग."

ती टाळायची. बारा वर्षांपूर्वी घरच्यांच्या मर्जीविरुद्ध तिनं संघदीपशी बुद्धविहारात लग्न केलं होतं. किन्हीराजाचं माहेर फार लांब नव्हतं, पण त्या बाजूची एसटी तिनं पुन्हा धरली नाही. वडील शालिग्राम कोरोनात गेले, तेही परक्याकडून कळलं. त्या घरात कुणाच्या फोनवर आपला चेहरा दिसू नये, असं तिला वाटायचं. दिसावा, असंही वाटायचं.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी तिनं हिय्या केला. आजेसासरे ग्यानबांचा छप्पन सालचा, नागपूरला काढलेला फोटो हातात धरला, कॅमेऱ्यात पाहिलं आणि म्हणाली, "मी वैजयंती. किन्हीराजाची लेक, वाशीमची सून. हा फोटो मी कसा वाचवला, ते सांगते."

आठवडाभरात रिसोड, कारंजा, थेट पुण्याहून कामं आली. लोक आधी ताई म्हणून चौकशी करत, मग फोटो पाठवत.

पडद्यावरचा हा मुलीचा फोटो एका अनोळखी नंबरवरून आला होता. भिंतीवरच्या तसबिरीचा, मोबाइलवर काढलेला. ओलीनं चेहरा खाल्लेला, नावावर सुकलेला हार. सोबत दोनच ओळी होत्या. 'नवमीपर्यंत पाहिजे. पितरांच्या पानासमोर ठेवायचा आहे.'

चेहऱ्याला ती नेहमी शेवटी हात लावायची. आधी मागचा पडदा, मग कपडे, मग मान. मागच्या पडद्यावर तळं आणि दोन हंस निघाले. असा पडदा एकेकाळी मालेगावच्या एकाच स्टुडिओत होता. बारावीच्या फॉर्मसाठी सगळ्या पोरी तिथंच फोटो काढायच्या. तिला गंमत वाटली होती.

आता वाटत नव्हती. तिळानंतर कान निघाला. मग हनुवटी. मग एक डोळा उघडला आणि तिच्याकडे पाहू लागला. तसबिरीत ती स्वतः होती, अठरा वर्षांची. खालची अक्षरं तिनं मोठी करून वाचली. मृत्यू : ११ मे २०१२. त्या दिवशी तिचं लग्न झालं होतं.

तिनं लिहिलं, 'नाव काय टाकू?'

उत्तर लगेच आलं. 'नाव तुमाले माहीत आहे.'

संध्याकाळी संघदीपनं पडद्यावरची तारीख वाचली. "म्हणजे बारा वर्सं मी भुताच्या हातच्या पोळ्या खाऊन राह्यलो," तो म्हणाला.

"त्यायनं माही तेरवी केली. आन् मले पत्ता नाही."

"काम जमत नाही म्हणून सांग त्यायले."

"काम तं पुरं करीन. नेऊन बी मीच देईन."

नवमीला ती किन्हीराजाला उतरली. दार भावानं, भागवतनं उघडलं आणि तो दोन पावलं मागं सरला. समोरच्या ओट्यावरच्या बाईनं पदर तोंडाला लावला आणि घरात जाऊन कडी घातली.

"मेसेज म्याच टाकले," भागवत खाली पाहून म्हणाला. "मायनं तुले मोबाइलात पाह्यलं. म्हणे, तोंड तेच आहे. हिच्याकडूनच करून घे."

आई, चतुराबाई, अंगणात पान वाढत होती. वडे, कढी, खीर. ती उठली नाही. तिनं आधी नवा फोटो हातात घेतला, मग वैजयंतीकडे पाहिलं, मग पुन्हा फोटोकडे.

"बराबर आला," ती म्हणाली. "बस."

"माय, हे मेलेल्याचं पान आहे."

"तुह्यंच आहे. बारा वर्सं झाले, याले कावळा शिवला नाही. बाकीच्यायच्या पानाले शिवते. तुह्या बापाले मी म्हणो, कावळ्याले समजते, तुमाले काहून नाही समजत? खाय. थंडं होऊन राह्यलं."

वैजयंती बसली. पहिला घास तोंडात फिरत राहिला, गिळवेना. मग गिळला. कौलावर एक कावळा बसला होता. पान रिकामं होईपर्यंत तो मान वाकडी करून पाहत राहिला आणि खाली न येताच उडून गेला.

पुढं संघदीपची बदली मेडशीला झाली. भागवत बहिणीचे व्हिडिओ नातेवाइकांना पाठवू लागला. एरवी बोलताना तो अजूनही खाली पाहतो. वैजयंतीकडे आता इतकं काम असतं की मदतीला एक बाई ठेवावी लागली. श्रद्धांजलीचा फोटो आला, की माणूस खरंच गेलं ना, हे ती आधी फोन करून विचारते.

चतुराबाई पुढच्या चैत्रात गेली. तिच्या दहाव्याच्या दिवशी भागवतनं बहिणीला एक गोष्ट सांगितली. शालिग्रामनं मुलीचं पान पंचमीला वाढायला सांगितलं होतं, लग्नाआधी मेलेल्यांच्या तिथीला. चतुराबाईनं ते पहिल्या वर्षापासून नवमीलाच वाढलं, नवरा जिवंत असताना गेलेल्या बायांच्या तिथीला.